प्रकाशाला थांबवायचं कसं?

क्लोराइडची परीक्षा आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केलेली आणि मुलांकडून करून घेतलेली असते. परीक्षानळीत मिठाचं पाणी घ्यायचं, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे, की दह्यासारखा पांढरा साका येतो. ‘पांढरा साका मिळाला, म्हणून क्लोराइड आहे’ असं वहीत लिहायचं, नळी धुवायची आणि पुढच्या परीक्षेकडे वळायचं. एकदा मात्र तास संपल्याची घंटा झाली आणि आमच्या नळ्या स्टँडवर तशाच राहून गेल्या. मधल्या सुट्टीनंतर येऊन पाहतो तो खिडकीजवळच्या नळ्यांमधला साका जांभळट झालेला आणि कपाटाच्या सावलीतल्या नळ्यांमधला पांढराच राहिलेला.

मुलांनी कारण लगेच ओळखलं. मग पुढचा प्रश्न आम्ही टाकला, हा साका कागदावर फासला आणि त्यावर एखादं पान ठेवून कागद उन्हात धरला, तर काय होईल? पानाखालचा भाग पांढरा राहील, बाकीचा काळा पडेल, म्हणजे पानाचं चित्र मिळेल, इथपर्यंत वर्ग आपणहून आला. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “पण बाई, ते चित्र बघायला उजेड तर लागणारच ना!”

त्या मुलीला जे दोन मिनिटांत सुचलं, त्याच अडचणीपाशी छायाचित्रणाची कला शंभर वर्षांहून अधिक काळ अडून राहिली होती. प्रकाशाकडून चित्र काढून घेणं फारसं अवघड नव्हतं. चित्र निघाल्यावर प्रकाशाला ‘आता पुरे’ म्हणणं अवघड होतं. हे ज्यांनी जमवलं त्यांच्यातल्या एकाची, विल्यम हेन्री फॉक्स टॉलबट या इंग्रज गृहस्थाची, ही गोष्ट. त्याने वापरलेला पहिला उपाय आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात असतो, म्हणून ती वर्गात सांगायलाही सोपी आहे.

आधीचे प्रयत्न

चांदीचे क्षार काळे पडतात ते उष्णतेने नव्हे, प्रकाशाने, हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला योहान शुल्त्स या जर्मन प्राध्यापकाने दाखवून दिलं. खडूची पूड आणि चांदीचा क्षार यांचं मिश्रण त्याने बाटलीत भरलं आणि बाटलीभोवती अक्षरं कापलेला कागद गुंडाळला. ऊन जिथून आत गेलं तिथे मिश्रणावर काळी अक्षरं उमटली. बाटली हलवली की अक्षरं नाहीशी व्हायची. शुल्त्सला ती टिकवायची नव्हतीच.

टिकवायची होती ती टॉमस वेजवुडला. चिनी मातीच्या भांड्यांच्या प्रसिद्ध कारखानदाराचा हा मुलगा. त्याने कागदावर आणि पांढऱ्या चामड्यावर सिल्व्हर नायट्रेट लावून पानांच्या आणि काचेवरच्या चित्रांच्या प्रतिमा मिळवल्या. त्याचा मित्र हंफ्री डेव्ही याने १८०२ साली त्यावर एक छोटा लेख लिहिला. तोच डेव्ही, ज्याचा खाणीतला सुरक्षादीप आपण शिकवतो. लेखाचा शेवट मात्र निराशेचा आहे. साबणाने धुतलं, पाण्याने धुतलं, वार्निश फासलं, तरी कागदाचा पांढरा भाग उजेडात काळा पडायचा तो पडतच राहिला. ती चित्रं अंधारात ठेवायची आणि मेणबत्तीच्या उजेडात घटकाभर बघायची, एवढंच हाती लागलं. वेजवुड १८०५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारला आणि प्रश्न तसाच राहिला.

चित्रकला न येणारा रँग्लर

टॉलबटचा जन्म ११ फेब्रुवारी १८०० चा. तो पाच महिन्यांचा असताना वडील गेले आणि मागे राहिली कर्जात बुडालेली जमीनदारी. आई हुशार आणि खंबीर होती. तिने इस्टेट सावरली, मुलाला उत्तम शिक्षण दिलं. १८२१ साली तो केंब्रिजहून बारावा रँग्लर म्हणून बाहेर पडला. रँग्लर परांजप्यांमुळे हा शब्द आपल्याकडे ओळखीचा आहे. गणिताच्या त्या परीक्षेत बारावं येणं ही लहान गोष्ट नव्हे. पुढे विल्टशायर परगण्यातल्या लेकॉक गावी, जुन्या मठाचा वाडा केलेल्या वडिलोपार्जित घरात तो राहायला गेला. गणित, प्रकाशशास्त्र, वनस्पती, प्राचीन भाषा अशा अनेक विषयांत त्याचा वावर होता. १८३१ साली तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, पुढे थोडा काळ पार्लमेंटचाही. त्याला फक्त एक गोष्ट अजिबात येत नव्हती, ती म्हणजे चित्र काढणं.

त्या काळात प्रवासाला गेलं की निसर्गदृश्यांची रेखाचित्रं काढून आणायची पद्धत होती. आज आपण फोटो काढतो तसंच. ऑक्टोबर १८३३ मध्ये तो पत्नी कॉन्स्टन्सबरोबर इटलीतल्या कोमो सरोवराकाठी होता. हाताशी कॅमेरा ल्युसिडा नावाचं उपकरण होतं. त्यात एका दांडीवर लोलक बसवलेला असतो. त्यातून पाहिलं की समोरचं दृश्य खालच्या कागदावर पडल्यासारखं दिसतं आणि पेन्सिलीने ते गिरवता येतं. निदान येणाऱ्याला येतं. टॉलबटने लोलकावरून डोळा हलवला तर कागदावर नुसत्या ओढाताणीच्या रेघा होत्या.

तेव्हा त्याला आठवण झाली काही वर्षांपूर्वी वापरलेल्या कॅमेरा ऑब्स्क्युराची. आपल्या सूचिछिद्र कॅमेऱ्याचा हा मोठा भाऊ. छिद्राच्या जागी भिंग, मागे कागद. त्या कागदावर पडणारी सुंदर प्रतिमा क्षणात पुसली जाते. ती तिथेच कागदावर आपोआप उमटून राहिली तर? प्रतिमा म्हणजे शेवटी काय, कुठे जास्त तर कुठे कमी उजेड. आणि उजेडाने पदार्थ बदलतात, हे त्याला माहीत होतं. परदेशातून घरी परतल्यावर लगेच, १८३४ च्या आरंभी, त्याने प्रयोगांना सुरुवात केली.

वेजवुड आणि डेव्हीचं काम तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं. ते नंतर वाचनात आलं. डेव्हीसारख्याला जमलं नाही हे आधी कळलं असतं तर आपण बहुधा नादच सोडला असता, अशी कबुली त्याने पुढे दिली आहे. संदर्भ न शोधता प्रयोगाला लागावं असा आमचा सल्ला नाही, पण इथे त्याचं अज्ञान त्याच्या पथ्यावर पडलं खरं!

कडा का काळ्या पडल्या?

नुसतं सिल्व्हर नायट्रेट फार मंद काम करायचं. मग त्याने कागद आधी मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवला आणि त्यावर सिल्व्हर नायट्रेट लावलं. त्यामुळे सिल्व्हर क्लोराइड कागदाच्या तंतूंमध्येच तयार होऊ लागलं. कागद चालू लागला, पण लहरीपणाने. एक कागद भराभर काळा पडे, दुसरा ढिम्म. आणि एक विचित्र गोष्ट त्याच्या लक्षात आली. कधी कधी कागदाच्या कडा मधल्या भागापेक्षा कितीतरी लवकर काळ्या पडत.

इथे आपण असतो तर ‘कागद खराब आहे’ म्हणून फेकून दिला असता. टॉलबट कडांपाशी थांबला. कडांना मीठ कमी लागलं असावं असा त्याने तर्क केला. मीठ कमी असेल तिथे कागद जास्त तल्लख! मग त्याने मुद्दामच मीठ कमी करून पाहिलं आणि खरोखरच कागद पूर्वीपेक्षा किती तरी झटपट काळा पडू लागला.

हे ऐकल्यावर आम्हाला राहवेना. ड्रॉइंगच्या चांगल्या कागदाच्या पट्ट्या घेतल्या. काही शेकडा २ मिठाच्या पाण्यात भिजवल्या, काही शेकडा १० च्या. वाळल्यावर अंधाऱ्या खोलीत, पिवळ्या झिरो बल्बच्या उजेडात, दोन्हींवर शेकडा १२ चं सिल्व्हर नायट्रेट कापसाच्या बोळ्याने लावलं. उन्हात धरल्यावर काही मिनिटांतच कमी मिठाची पट्टी जांभळी, मग चॉकलेटी झाली. जास्त मिठाची नुसती फिकट निळसर होऊन बसली. “बाई, ही रुसली,” असं पोरं म्हणाली.

रुसण्याचं कारण हिशेबाने कळतं. शेकडा २ च्या द्रावणात लिटरमागे साधारण ०.३४ मोल मीठ असतं आणि शेकडा १२ च्या सिल्व्हर नायट्रेटमध्ये साधारण ०.७ मोल चांदीचा क्षार. दोन्ही द्रावणं कागदावर सारखीच बसली असं धरलं, तर मीठ संपूनही सिल्व्हर नायट्रेट उरतं. प्रकाशाने सिल्व्हर क्लोराइडचं विघटन होतं तेव्हा चांदी सुटी होते आणि क्लोरीनही. हा क्लोरीन तिथेच घुटमळला तर चांदीशी पुन्हा जोडी जमवतो आणि केलेलं काम फुकट जातं. उरलेलं सिल्व्हर नायट्रेट त्याला पकडून ठेवतं, म्हणून काम पुढे सरकतं. शेकडा १० च्या द्रावणात मात्र मीठच १.७ मोल. सगळी चांदी त्यात अडकून जाते आणि क्लोरीनला पकडायला कुणी उरत नाही.

टॉलबटला यातलं मोल वगैरे काही माहीत नव्हतं. पण त्याने याच निरीक्षणाचं दुसरं टोक धरलं, आणि आमच्या मते त्याच्या साऱ्या कामातली ही सर्वांत देखणी उडी आहे. जास्त मिठाने कागद मंद होतो ना? मग चित्र उमटेपर्यंत मीठ कमी ठेवू, आणि उमटल्यावर तोच कागद दाट मिठाच्या पाण्यात बुडवू! ज्या मिठाने प्रयोग बिघडत होता त्यानेच प्रयोग थांबवायचा. न काळी पडलेली चांदी तशीच कागदात राहते, पण सुस्त होऊन. पोटॅशियम आयोडाइडनेही असंच काम होतं, हेही त्याला सापडलं.

पानं, फुलं, लेस यांची चित्रं मिळू लागली. कॅमेऱ्यातली प्रतिमा मात्र फार मंद असायची. त्यावर उपाय म्हणून त्याने कॅमेरा लहान केला. भिंग रुंद आणि अंतर थोडं ठेवलं की सगळा प्रकाश लहानशा जागेत एकवटतो. गावातल्या सुताराकडून त्याने वितीपेक्षाही लहान लाकडी पेट्या करून घेतल्या आणि वाड्याभोवती जागोजागी मांडून ठेवल्या. कॉन्स्टन्सने त्यांचं नाव उंदराचे सापळे ठेवलं. ऑगस्ट १८३५ मधल्या एका सापळ्यात वाड्याची जाळीदार खिडकी सापडली. तो कागद जेमतेम टपालाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा आहे. शेजारी टॉलबटच्या हातची टीप आहे की, चित्र नवं असताना भिंगाने खिडकीतल्या सुमारे दोनशे काचा मोजता येत होत्या.

उलटं चित्र

या सगळ्या चित्रांत एक खोट होती. उजेडाचा भाग काळा आणि सावलीचा पांढरा, सगळं उलटं. वेजवुडलाही ते तसंच दिसलं असणार. टॉलबटने १८३५ च्या फेब्रुवारीतच वहीत एक साधी नोंद करून ठेवली होती. कागद पारदर्शक असेल तर पहिलं चित्र दुसऱ्या कागदावर ठेवून उन्हात धरावं. उलट्याचं उलटं म्हणजे सुलटं मिळेल.

निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह ही कल्पना ती हीच. नावं नंतरची आहेत, पण एका निगेटिव्हपासून हव्या तितक्या प्रती काढता येतात हा सारा फोटोग्राफीचा व्यवहार या नोंदीत आला. डिजिटल कॅमेरे येईपर्यंत दीड शतकाहून अधिक काळ आपण याच वाटेने चालत होतो. लग्नाच्या फोटोंच्या पाकिटात निगेटिव्हच्या पट्ट्या जपून ठेवणारे आपल्यापैकी पुष्कळ जण असतील.

एवढं सगळं हाती असताना टॉलबटने काय केलं? वही मिटून ठेवली. पुढची तीन वर्षं तो स्फटिकांच्या आणि प्रकाशाच्या अभ्यासात रमला. छापलं काहीच नाही.

१८३९ चा जानेवारी

७ जानेवारी १८३९ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत अरागो या शास्त्रज्ञाने जाहीर केलं की, लुई दागेर नावाच्या चित्रकाराने कॅमेऱ्यातली प्रतिमा कायमची पकडली आहे. न्येप्स या आधीच्या संशोधकाबरोबर भागीदारी करून, आणि १८३३ साली न्येप्स वारल्यावर एकट्याने, दागेर हे काम करत आला होता. कृती मात्र गुप्त ठेवली होती. टॉलबटवर आभाळच कोसळलं. दागेरची कृती आपल्यासारखीच निघाली तर पाच वर्षांचं काम आपलं म्हणता येणार नव्हतं. वर्षभरापूर्वी जाहीर केलं असतंस तर कुणी शंका घेतली नसती, असं आईने पत्रातून सुनावलं ते वेगळंच.

मग धावपळ झाली. २५ जानेवारीला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या शुक्रवारच्या व्याख्यानानंतर खुद्द फॅरडेने टॉलबटची चित्रं लोकांना दाखवली. ३१ जानेवारीला रॉयल सोसायटीत त्याचा निबंध वाचला गेला.

या गडबडीत एक माणूस शांतपणे आपल्या प्रयोगशाळेत शिरला. तो जॉन हर्शेल, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा मुलगा. त्याच्या कानावर एवढंच आलं होतं की दागेरने काहीतरी केलं आहे. हे कसं करता येईल, हा प्रश्न त्याने स्वतःलाच घातला. आणि त्याला आठवलं की १८१९ साली आपण एक क्षार अभ्यासला होता, त्यात चांदीचे क्षार साखरेसारखे विरघळतात. ३० जानेवारीला त्याने वडिलांच्या प्रचंड दुर्बिणीच्या सांगाड्याचं चित्र घेऊन ते या क्षाराने पक्कं केलं. टॉलबट १ फेब्रुवारीला भेटायला आला तेव्हा हर्शेलने सगळं मोकळेपणाने सांगून टाकलं. स्वतःकडे काही राखून ठेवण्याचा विचारही त्याच्या मनाला शिवलेला दिसत नाही.

हा क्षार म्हणजे हायपो, आपलं सोडियम थायोसल्फेट. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आयोडीनच्या अनुमापनासाठी ज्याची बाटली असते, तेच. मीठ आणि हायपो यांतला फरक मुलांना समजावून देण्यासारखा आहे. मीठ न वापरलेल्या चांदीला झोपवतं, हायपो तिला कागदातून बाहेरच काढतं. थायोसल्फेटचे दोन आयन चांदीच्या एका आयनाला दोन्ही बाजूंनी धरतात आणि ही जोडणी पाण्यात सहज विरघळते. उरते ती काळी धातुरूप चांदी, म्हणजेच चित्र. काळी पडायला आता कागदात काही शिल्लकच राहत नाही. गंमत म्हणजे दागेरही तोपर्यंत मिठाचंच पाणी वापरत होता. हायपोची बातमी कळल्यावर तोही तिकडे वळला.

‘फोटोग्राफी’, ‘निगेटिव्ह’, ‘पॉझिटिव्ह’ हे शब्दही हर्शेलनेच रूढ केले.

दागेरची कृती ऑगस्टमध्ये उघड झाली ती टॉलबटहून अगदी वेगळी निघाली. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, त्याला आयोडीनची वाफ, मग पाऱ्याची वाफ. चित्र आरशासारखं लखलखीत आणि बारकाव्यांनी भरलेलं. टॉलबटचा धुरकट कागद त्यापुढे गरीब वाटायचा. पण दागेरचं प्रत्येक चित्र एकुलतं एक होतं, त्याची प्रत निघत नसे.

न दिसणारं चित्र

टॉलबटचा दुसरा मोठा शोध सप्टेंबर १८४० मधला. या वेळी तो सिल्व्हर आयोडाइडचा कागद वापरत होता आणि त्यावर सिल्व्हर नायट्रेट व गॅलिक आम्ल यांचं मिश्रण लावत होता. गॅलिक आम्ल मायफळातून मिळतं. बाळगुटीत उगाळतात तेच मायफळ. जुनी काळी शाईही त्याचीच. कॅमेऱ्यातून काढलेला कागद कोराच दिसत होता, पण त्याला तेच मिश्रण पुन्हा लावल्यावर कोऱ्या कागदावर चित्र हळूहळू वर येऊ लागलं.

म्हणजे प्रकाशाने सगळं काळं करण्याची गरजच नव्हती. त्याने स्फटिकावर कुठे कुठे चांदीचे मोजके अणू सुटे केले तरी पुरे. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण विरजणाच्या थेंबासारखं काम करतात. गॅलिक आम्ल द्रावणातल्या चांदीला सुटी करत असतं, आणि ही चांदी आधीच्या त्या अणूंभोवती जमत जाते. काळं करण्याचं कष्टाचं काम प्रकाशाऐवजी रसायनावर सोपवल्यामुळे तासाचं काम मिनिटांवर आलं. १० ऑक्टोबर १८४० ला कॉन्स्टन्स तीन मिनिटं स्थिर बसली आणि तिचं छायाचित्र निघालं. ग्रीक भाषेत ‘कालोस’ म्हणजे सुंदर, त्यावरून या पद्धतीचं नाव कॅलोटाइप.

८ फेब्रुवारी १८४१ ला त्याने तिचं पेटंट घेतलं, आणि इथून गोष्ट थोडी कडवट होते. दागेरला फ्रेंच सरकारने वर्षासन देऊन त्याची कृती जगाला खुली केली होती, तरी इंग्लंडमध्ये दागेरच्या वतीने पेटंट घेतलं गेलंच होतं. तेव्हा टॉलबटने घेतलं यात वावगं काय, असंही म्हणता येईल. पण छायाचित्रण हा धंदा करू पाहणाऱ्यांना परवान्याची रक्कम भारी पडे आणि इंग्लंडमध्ये कॅलोटाइप फारसा फोफावला नाही. स्कॉटलंडला हे पेटंट लागू नव्हतं. तिथे एडिंबरोत डेव्हिड हिल हा चित्रकार आणि रॉबर्ट अॅडमसन हा तरुण यांनी चार वर्षांत कोळिणींपासून पाद्र्यांपर्यंत शेकडो माणसांची अशी छायाचित्रं काढली, की ती आजही बघत राहावीत. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काचेवर कोलोडियन लावून निगेटिव्ह करण्याची कृती शोधली आणि पेटंट न घेता छापून टाकली. तीही आपल्याच पेटंटमध्ये येते असा टॉलबटचा दावा होता. डिसेंबर १८५४ मध्ये कोर्टात ज्यूरीने टॉलबटला कॅलोटाइपचा खरा शोधक ठरवलं, पण कोलोडियन त्यात येत नाही असाही निकाल दिला. हा दावा त्याने लावायला नको होता, असं आम्हाला वाटतं. आर्चर १८५७ साली गरिबीत वारला, हे कळल्यावर तर जास्तच.

कागदी निगेटिव्हची वाट मात्र दूरवर गेली. कागदाला मेण लावून तो आधीच तयार करून ठेवायची सुधारणा फ्रान्समध्ये झाली आणि उन्हातान्हात हिंडणाऱ्यांना ती फार सोयीची ठरली. हंपीच्या अवशेषांची अलेक्झांडर ग्रीनलॉ याने १८५६ साली घेतलेली मोठमोठी छायाचित्रं अशा मेणकागदावरचीच आहेत. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी त्याआधी, १८५४ सालीच निघाली होती.

पिवळे पडलेले कागद

१८४४ ते १८४६ या काळात टॉलबटने ‘पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक सहा भागांत काढलं. त्यात २४ छायाचित्रं होती, छापलेली नव्हे, एकेक प्रत उन्हात काढून हाताने चिकटवलेली. त्यासाठी त्याचा पूर्वीचा नोकर निकोलास हेनेमन याने रेडिंग गावी कारखानाच काढला. कपाटातल्या चिनी मातीच्या भांड्यांचं एक चित्र त्यात आहे. ही भांडी चोरीला गेली तर कोर्टात हे चित्र पुरावा म्हणून चालेल का, असा प्रश्न टॉलबटने तिथे विचारला आहे. त्यावर वर्गात छान चर्चा होते.

१८४६ साली एका कलाविषयक मासिकाच्या हजारो अंकांमध्ये अशी एकेक छायाप्रत घालण्यात आली. जाहिरात म्हणून कल्पना उत्तम होती. पण घाईत काढलेल्या त्या प्रती थोड्याच काळात पिवळ्या पडून विटू लागल्या आणि कागदावरची छायाचित्रं टिकत नाहीत असा बोभाटा झाला. प्रकाशाला थांबवलं, तरी हायपो धुऊन काढायचा राहिला होता. कागदात अडकलेला हायपो हळूहळू विघटित होतो, त्यातला गंधक चांदीला धरतो आणि काळ्या चांदीचं पिवळट सिल्व्हर सल्फाइड होतं.

हे आमच्याही अनुभवाला आलं. पानांची चित्रं काढून आम्ही तीन पट्ट्या शाळेच्या फलकावर लावल्या होत्या. काहीच न केलेली पट्टी संध्याकाळपर्यंत पूर्ण काळवंडली. दाट मिठाच्या पाण्यातली आठवडाभर बरी होती, मग पानाचा पांढरा भाग हलका जांभळा झाला. शेकडा ५ च्या हायपोत पाच मिनिटं ठेवून धुतलेली अजून तशीच आहे, फक्त एका कोपऱ्यात पिवळा डाग आहे. अर्धा तास धुवायचं काम ज्याच्याकडे होतं तो खेळाच्या तासाला पळाला होता.

तुम्ही करणार असाल तर काही गोष्टी सांगून ठेवतो. सिल्व्हर नायट्रेट महाग असतं, पण पोस्टकार्डाएवढ्या चार-पाच कागदांना ५ मिलिलिटर द्रावण पुरतं, म्हणजे ०.६ ग्रॅम. ते ऊर्ध्वपातित पाण्यातच करावं. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं, लगेच दुधाळ होतं. पत्र्याची पट्टी असलेला ब्रश नको. हाताला लागलं तर आठवडाभर काळे डाग राहतात आणि डोळ्यात गेलं तर इजा होते. म्हणून हातमोजे आणि चष्मे हवेतच, आणि हे द्रावण शिक्षकांनीच लावावं. बाकी पान निवडणं, ऊन बघणं, वेळ मोजणं मुलांकडे.

टॉलबट पुढेही स्वस्थ बसला नाही. १८५१ साली त्याने वर्तमानपत्राचं पान फिरत्या चाकावर चिकटवलं आणि विजेच्या ठिणगीच्या उजेडात, चाक फिरत असतानाच, त्याचं छायाचित्र घेतलं. छायाचित्र शाईने छापता आलं तर विटण्याचा प्रश्नच मिटेल, म्हणून धातूच्या पत्र्यावर छायाचित्र कोरण्याच्या दोन कृती त्याने १८५२ आणि १८५८ मध्ये पेटंट केल्या. १८५७ साली असिरियाच्या कीलाकार लिपीतला एक लेख चार विद्वानांना वेगवेगळा वाचायला दिला होता. चौघांची भाषांतरं जुळली आणि ती लिपी खरंच वाचता येते हे सिद्ध झालं. त्या चौघांत एक टॉलबट होता. १७ सप्टेंबर १८७७ रोजी लेकॉकलाच तो वारला.

त्या वाड्याच्या दाराशी १९७५ पासून त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. ती दोनशे काचांची खिडकीही अजून भिंतीत आहे, जाणाऱ्याला बघता येते. तिचं १८३५ चं निगेटिव्ह मात्र उजेडात मांडून ठेवता येत नाही. हायपोच्या आधीच्या टॉलबटच्या कागदांमध्ये न वापरलेली चांदी अजून तशीच आहे, त्यामुळे ते कागद अंधारात, खणात ठेवतात आणि लोकांना त्यांच्या प्रती दाखवतात.